डाव्या विंगेतलं धुकं

भाषेचे सर मुद्रितांची चळत घेऊन प्रयोगशाळेत शिरले तेव्हा बाई नववीच्या पोरांनी धुतलेल्या परीक्षानळ्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरून बघत होत्या. धुतल्या म्हणजे धुतल्या, असं मुलं म्हणतात. एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंचा त्यावर एकदाही विश्वास बसला नव्हता. "बाई, आधी सव्विसावं पान बघा," सर म्हणाले. "तुमच्याच हस्ताक्षरातलं रत्न, जुन्या अहवालात सापडलं. 'गमतीजमती'त टाकलंय, चौकटीत." सरांना चौकटींचा भारी नाद. शाळेला पंच्याहत्तर वर्षं होत होती आणि त्यानिमित्त निघणाऱ्या ग्रंथात दर दोन पानांआड त्यांची एक चौकट होती. बाईंनी पान हातात घेतलं. चौकटीत दोनच वाक्यं होती. 'रसायनशास्त्राच्या शिक्षिकांनी निर्माण केलेल्या धुक्याच्या देखाव्यास प्रेक्षकांनी टाळ्यांनी दाद दिली. गायिका विद्यार्थिनी ऐनवेळी घाबरल्याने अखेरचे गीत दुसऱ्या विद्यार्थिनीने पडद्यामागून म्हटले.' खाली सरांनी आपलं शेपूट जोडलं होतं: 'धुक्यात गायिकाच हरवली!' आणि शेजारी एक चित्र, डोळे वटारलेली, वेण्या उभ्या राहिलेली मुलगी.

"हसला नाहीत?" सर म्हणाले.

"चष्मा नाही लावलेला."

"मग लावा आणि हसा. उद्या सकाळी छापखान्याचा माणूस येतोय. काय बदलायचं ते आजच." ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. "आणि हो, आपली पिपाणी येतेय चार वाजता तुमच्याकडे. चष्म्याच्या दुकानवाली हो, आठवीतल्या त्या गाणाऱ्या पोरीची आई. समारंभात पोरगी एकटी गाणार होती ना, तिचं नाव काढून घ्यायचंय म्हणे. संगीताच्या बाई रडकुंडीला आल्यात. संमतिपत्रं तुमच्याकडे आहेत, तेव्हा जरा समजवा. तुमचं ऐकतील."

सर याच शाळेचे विद्यार्थी. त्या धुक्याच्या नाटकात ते दुसरं झाड झाले होते, हे ते स्वतःच ज्याला त्याला सांगत. पहिल्या झाडाला निदान एक वाक्य तरी होतं, असंही. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्यांना खरंच ती गंमत वाटत होती. सगळ्या शाळेला ती गंमतच वाटत आली होती, आणि ती तशी वाटावी म्हणून लागणारं वाक्य बाईंनी पुरवलं होतं. सर गेल्यावर बाईंनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. ती दोन भोकांच्या मध्ये टेकली, घसरली आणि ओट्यावर आडवी झाली. फुटली नाही. बाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. चार वाजायला चार तास पन्नास मिनिटं.

मधल्या तासाला दहावीचं टायट्रेशन होतं. मुलं ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होती, आणि रंग पालटायच्या क्षणाला प्रत्येक टेबलावर तोच घोटाळा होत होता. अजून एक थेंब, अजून एक थेंब असं करत गुलाबीचा पार गडद गुलाबी होत होता. 'पुढे गेलेलं मागे आणता येत नाही, परत पहिल्यापासून,' बाई सवयीनं म्हणत फिरत होत्या. त्यांच्या डोक्यात मात्र संमतिपत्रांचा गठ्ठा होता. गेल्या वर्षी ती मुलगी सातवीला या शाळेत आली तेव्हा प्रवेशाच्या रांगेत तिची आई पाहून बाईंना ओळखायला अर्धा क्षणही लागला नव्हता. चण लहान, मान किंचित वर, जणू कुठल्यातरी उंच फळीवरचं काही वाचते आहे. तेव्हापासून बाईंनी किती गोष्टी केल्या होत्या! वर्गशिक्षिकेचं काम त्या तुकडीचं येत होतं, ते 'गुडघे दुखतात, तिसरा मजला नको' म्हणून बदलून घेतलं. पालकसभेला त्या परीक्षेच्या खोलीत काम काढून बसल्या. एकदा जिन्यात समोरासमोर गाठ पडली तेव्हा 'तुम्ही' म्हणावं की 'तू', हे न ठरल्यामुळे 'कसं चाललंय?' एवढंच बोलून त्या पुढे गेल्या. नंतर तासभर त्यांना वाटत होतं की तिनं मागून काही तरी विचारलं, आणि आपण थांबलो नाही. या वर्षी मुलगी आठवीत गेली आणि संगीताच्या बाईंनी तिला एकटीच्या गाण्याला निवडलं. बाईंना आनंद झाला होता. अगदी खरा आनंद, आणि त्याच्या तळाशी एक हिशेबी सुटका: आई नाही तर लेक गाईल, भागाकार कसाबसा पूर्ण होईल, बाकी शून्य.

आज सकाळी चहाच्या वेळी हे सगळं बाई ताईजवळ बोलल्याही होत्या. ताई म्हणजे थोरली बहीण, नवरा गेल्यापासून बाईंकडेच राहणारी, आणि या जगात हे प्रकरण ठाऊक असलेली एकटीच. ताईनं पेपर खाली न ठेवता म्हटलं होतं, "तू ना, सांगून तरी टाक नाहीतर गिळून तरी टाक. तीस वर्षं नुसती गालात धरून बसलीयेस." तेव्हा सव्विसाव्या पानाचा पत्ताही नव्हता. चार महिन्यांनी बाई निवृत्त होणार होत्या. समारंभात त्यांचा सत्कार होता, विज्ञान मंडळाच्या संस्थापक म्हणून. सत्काराचा मजकूरही सरांनीच लिहिला होता आणि तो अर्थातच चौकटीत होता.

ग्रंथातलं शाळेच्या इतिहासाचं प्रकरण बाईंकडे होतं, कारण तारखा चुकवणार नाही असं माणूस हवं होतं. त्यांनी ते महिनाभर खपून लिहिलं. बंद पडलेल्या काडेपेट्यांच्या कारखान्यात शाळा कशी सुरू झाली, पहिल्या वर्षी एकसष्ट मुलं आणि सहा मुली, खोल्यांना गंधकाचा वास येतो म्हणून पालकांनी केलेला अर्ज, साथीच्या वर्षी वर्गांतून टाकलेल्या खाटा. मग निकालांचे तक्ते. मग मंडळं: आकाशदर्शन मंडळ, ज्याची एकुलती एक दुर्बीण कायम दुरुस्तीला असे, रेडिओ मंडळ, ज्यानं एकदा चुकून अग्निशमन दलाला बोलावलं, वादविवाद मंडळ, जे फुटून त्याची दोन झाली. हे सगळं लिहिताना बाईंना एक विलक्षण गोष्ट जाणवली होती. शाळेचा इतिहास म्हणजे प्रत्येक वर्षी कुणीतरी एका संध्याकाळी, घरी जायची घाई असताना, लिहिलेला वार्षिक अहवाल. दुसरा पुरावा नाही. त्या माणसानं जे लिहिलं ते झालं, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. आणि एका वर्षीचं ते माणूस त्या स्वतः होत्या. त्या वर्षाशी आल्या तेव्हा त्यांनी नाटकाबद्दल अक्षर न लिहिता निकालाकडे उडी मारली, आणि मनाशी म्हटलं की कला विभाग सरांकडे आहे. सरांनी तो विभाग किती मन लावून लिहिला होता, हे आता कळत होतं.

डब्याच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि बंद केला. खरं म्हणजे नाटकाच्या दिवशी धुक्यासाठी कोरडा बर्फ यायचा होता. नाटकाचे सर, आता हयात नाहीत, मोठे हौशी गृहस्थ. शेवटच्या अंकात डोंगरावरची पहाट, धुकं, आणि धुक्यातून गात येणारी मुलगी, असं त्यांच्या मनात होतं. बर्फाची गाडी आलीच नाही. सर स्टेजवर कपाळाला हात लावून बसले तेव्हा बाई, सव्वीस वर्षांच्या, नोकरीला सात महिने झालेल्या, म्हणाल्या होत्या, 'मी करते धुकं.' दोन पसरट बश्या. एकीत अमोनिया, दुसरीत हायड्रोक्लोरिक ॲसिड, दोन्ही तीव्र. शेजारी शेजारी ठेवलं की दोन्हींच्या वाफा भेटतात आणि पांढराशुभ्र धूर उठतो; प्रत्येक रसायनाच्या शिक्षकानं वर्गात निदान एकदा करून दाखवलेला प्रयोग. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात, दोन मिनिटं. स्टेजच्या मागच्या भिंतीशी त्यांनी बश्या ठेवल्या आणि चाचणी घेतली. धूर झकास झाला, सर लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. पण वास पुढे पहिल्या रांगेत येत होता. मुख्याध्यापक दोनदा शिंकले. तिथे पाहुणे बसणार होते. बाईंनी विचार केला आणि बश्या उचलून डाव्या विंगेत नेल्या, मागे टेबलफॅन लावला, धूर आडवा स्टेजवर सरकावा म्हणून. विंगेच्या लाकडी फळ्यांवर नाटकाच्या सरांनी खडूनं फुल्या केल्या होत्या, कोणी कुठे थांबायचं त्याच्या, आणि प्रत्येक फुलीशेजारी टोपणनाव. बश्या ठेवल्या त्यापासून दोन वितींवर फुली होती आणि शेजारी 'पिपाणी' असं लिहिलेलं होतं. बाईंनी ते वाचलं होतं. इथेच त्यांचं मन दर वेळी पाय घासत उभं राहायचं. वाचलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता, असं त्या स्वतःला सांगत. अर्थ लावायला कितीसा वेळ लागतो?

खरं तर चाळीस सेकंदं थांबायचं होतं तिनं तिथे. पण धूर स्टेजवर आला आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबेनात, म्हणून नट थांबले, म्हणून सगळंच लांबलं. बाईंना घड्याळ बघायची सवय. चार मिनिटं झाली होती. त्या टाळ्या आपल्यासाठी आहेत हे त्यांना कळत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या ऐकणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा तापला होता. उजव्या विंगेतून त्या बघत होत्या. पलीकडे, पांढऱ्या धुरात अर्धी बुडालेली, ती चौदा वर्षांची मुलगी. तिनं बाईंकडे पाहिलं. हात वर करून घशाला लावला, मग दुसरा हात हलवला, इकडून तिकडे, असं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. गप्प. थोडंच राहिलंय. मग ती स्टेजवर आली, मध्यभागी उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तोंडातून काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. हॉलमधून कुणीतरी खुदकन हसलं. मागून दुसऱ्या मुलीनं सूर धरला, आणि ती तशीच तोंड उघडं ठेवून उभी राहिली. पाहुण्यांना वाटलं, तसंच बसवलंय.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचे मामा बश्या धुताना म्हणाले होते, "बाई, त्या पोरीचा आवाज पार बसलाय म्हणे." बाई म्हणाल्या, "सर्दी असेल." मग त्या अहवाल लिहायला बसल्या. रसायनाच्या वहीत तीन रकाने असतात: प्रयोग, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणात फक्त दिसलेलं लिहायचं. पांढरा साका पडला, वास आला, रंग बदलला नाही. का, ते तिसऱ्या रकान्यात. मुलं दर वर्षी पहिल्या आठवड्यात दुसऱ्या रकान्यातच कारण लिहून टाकतात आणि बाई लाल पेननं त्याखाली रेघ ओढतात. त्या संध्याकाळी मुलगी गायली नाही, एवढंच दिसलं होतं. 'घाबरल्याने' हे त्यांनी आपल्या मनचं घातलं, कारण वाक्य त्याशिवाय लंगडं वाटत होतं, कारण आधीचंच वाक्य धुक्याबद्दल होतं, आणि दोन्हींच्या मधे फक्त एक पूर्णविराम होता. कुणीही बोट ठेवलं असतं. त्या एका शब्दानं पूर्णविरामाची भिंत केली. अकरा दिवसांनी तिचा घसा मोकळा झाला, नाटकाच्या सरांनी तिला पुन्हा उभं केलं, तिनं तोंड उघडलं, पाय लटपटले, ती रडत पळाली. म्हणजे अहवालातलं वाक्य लिहिताना खोटं होतं, पण पुढे खरं झालं. हे बाईंना सर्वांत भयंकर वाटायचं. आधी अनुमान, मग निरीक्षण. त्यानंतर ती शाळेत कधी गायली नाही. पुढेही नाही, असं बाईंनी इकडून तिकडून, सहज विचारल्यासारखं करत, वर्षानुवर्षं विचारून ठेवलं होतं.

चारला पाच कमी असताना बाईंनी ओटा पुसला. पुसलेलाच होता. हॉलकडून समूहगीताच्या तालमीचा आवाज येत होता. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, एका ठिकाणी अडून. बाईंनी मनात तीन वाक्यं जुळवली. मुलीचं कौतुक, समारंभाचं महत्त्व, निर्णय तुमचाच. तिसरं वाक्य म्हटलं की सही घ्यायची आणि सुटका. पान सव्वीस त्यांनी वहीखाली सारलं. चौकट काढायला सरांना सांगता येईल, जागा नाही म्हणून, काहीही म्हणून. कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. तळहात मात्र त्यांनी ॲप्रनला दोनदा पुसले.

ती आली ती घाईत, खांद्याला पर्स, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. "नमस्कार बाई. मी जास्त वेळ नाही घेणार. दुकानात पोरगा एकटाच आहे, गिऱ्हाइकाला भलताच नंबर देऊन बसेल. कुठे सही करायची?"

"बसा ना."

ती स्टुलावर बसली आणि तिनं बाईंकडे रोखून पाहिलं. "बाई, तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय," ती म्हणाली. "डोकं नाही दुखत संध्याकाळी? द्या इकडे, द्या." तिनं हात पुढे केला तो इतक्या हक्कानं की बाईंनी चष्मा काढून दिला. पर्समधून बोटाएवढा पेचकस निघाला. आता बाईंना समोर एक फिकट निळा आकार आणि त्यावर एक गव्हाळ डाग एवढंच दिसत होतं.

"नाव का काढताय तिचं?" बाई त्या डागाला म्हणाल्या.

"नको हो. समूहात गाऊ दे की, मी कुठे नाही म्हणते? पण एकटीला नको. आमच्यात ते नाहीच. मला माहितीये ना, मी उभी राहिले होते एकदा. तुम्हाला आठवत नसेल." स्क्रू फिरण्याचा बारीक आवाज येत होता. "तोंड उघडतं आणि आतून काही येतच नाही. मग लोक हसतात. ते हसणं मग घरी येतं, जेवायला बसतं आपल्याबरोबर. तिला कशाला?"

"तिला भीती वाटते, असं ती म्हणाली?"

"ती काय म्हणणार, तेरा वर्षांची! तिला उड्या मारत जायचंय. काल दिवसभर अबोला धरलाय माझ्याशी. उड्या मारत मीही गेले होते बाई." ती हसली. "माझं म्हणणं काय, रक्तातच भित्रेपणा असला की तो कुठे ना कुठे निघतो. मला दोनदा बँकेत चांगली जागा मिळत होती, समोर चार माणसं बसून मुलाखत म्हटल्यावर मी गेलेच नाही. दुकान बरं. एका वेळी एकच गिऱ्हाईक, आणि त्यालाच नीट दिसत नसतं."

बाईंची तीन वाक्यं तयार होती. पहिलं त्यांच्या जिभेवर आलं, आणि त्यांना जाणवलं की हे म्हटलं की आपल्यामुळे गप्प झालेल्या मुली आता दोन होतील. एक झाली होती, आता दोन. एकीचं तरी त्या दिवशी त्यांना कळलं नव्हतं, निदान तसं म्हणता येत होतं.

"तू घाबरली नव्हतीस," त्या म्हणाल्या.

पेचकस थांबला नाही. "असं सगळेच म्हणतात नंतर."

"नाही. ऐक. त्या धुक्यानं तुझा घसा बंद झाला. धूर मी केला होता. बश्या डाव्या विंगेत मी आणून ठेवल्या. आधी मागे होत्या, पण पाहुण्यांना वास जात होता."

पेचकस थांबला. हॉलमधली ओळ पुन्हा त्याच ठिकाणी अडली.

"कुठे ठेवल्या होत्या?" तिनं विचारलं. आवाज दुकानातला होता, गिऱ्हाइकाला नंबर विचारावा तसा.

"फुलीपासून दोन वितींवर."

"कुठल्या फुलीपासून?"

"तुझ्या."

"माझी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाव लिहिलेलं होतं."

"म्हणजे माहीत होतं."

"हो."

"किती वेळ होते मी तिथे?"

"चार मिनिटं. चाळीस सेकंदंच व्हायला हवी होती."

बाईंना चेहरा दिसत नव्हता. निळा आकार किंचित पुढे झुकला की मागे गेला हेही कळत नव्हतं. मग तो म्हणाला, "मी तुम्हाला खूण केली होती."

"हो."

"केली होती ना? असा हात केला होता ना मी?"

"हो. आणि मी तुला गप्प राहायला सांगितलं. असं." त्यांनी नकळत बोट उचललं आणि अर्ध्यात खाली घेतलं.

"मला वाटायचं, ते मी मागाहून रचलंय," ती हळू म्हणाली. "स्वतःला सोडवायला. आईला सांगितलं होतं मी. आई म्हणाली, उगाच बाईंवर ढकलू नकोस, घाबरलीस तर घाबरलीस, त्यात काय एवढं. मग मी ते सोडून दिलं. मग मला तुम्ही त्यात दिसायच्याच बंद झालात." तिनं चष्मा ओट्यावर ठेवला. "बघा बसतोय का."

बाईंनी चष्मा लावला. तो बसला होता. समोर पंचेचाळीस वर्षांची स्त्री होती, डोळे कोरडे, गालाचं एक हाड घट्ट आवळलेलं. ती रडत असेल असं बाईंना वाटलं होतं. तसं असतं तर बरं झालं असतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं आणि लाज वाटली.

"आजच का सांगितलंत? एकतीस वर्षं काय करत होतात?"

बाईंनी वहीखालचं पान काढून तिच्यापुढे केलं. तिनं गळ्यातला चष्मा नाकावर चढवला आणि चौकट वाचली. चित्र बघितलं. "वेण्या नव्हत्या मला तेव्हा," ती म्हणाली. मग बोट दुसऱ्या वाक्याखालून चालवत नेलं. "हे पाठ आहे मला. अहवाल सगळ्या वर्गांतून वाचून दाखवतात ना आपल्याकडे? नववीच्या तिन्ही तुकड्यांत वाचला. आमच्या वर्गात तुम्हीच वाचलात."

ते बाई विसरल्या होत्या. खरोखर विसरल्या होत्या. त्यांनी ओट्याची कड धरली. तो वर्ग, दुपार, हातातला कागद. आणि तिसऱ्या बाकावर ती असणार, असलीच पाहिजे, पण आठवणीत त्या बाकावर कोणी नव्हतं.

"मी हे छापू देणार नाही," बाई म्हणाल्या. "काढून टाकते. आत्ता सरांना सांगते."

"काढून टाकलं की झालं? मग तर झालंच नाही असं होईल."

"मग खरं काय ते लिहीन. माझ्या नावानं."

"लिहा. ते लिहायचंच आहे तुम्हाला. पण पुस्तक कोण वाचतं हो? लोक आपला फोटो कुठे आहे ते बघतात आणि कपाटात टाकतात." ती उठली. पर्स खांद्याला लावली. बाईंना वाटलं आता ती जाणार, आणि त्यांना भेकडासारखं हलकं वाटलं. ती दाराशी थांबली. "चला."

"कुठे?"

"हॉलमध्ये. तालीम चाललीये ना."

"मी तिला इथे बोलावते. नीट बसवून सांगते, शांतपणे—"

"इथे नको. मला कुठे कुणी खोलीत बोलावून सांगितलं होतं?"

व्हरांडा पन्नास पावलांचा होता. ती एक पाऊल पुढे चालत होती, वळून न बघता. शाळेची वाट तिला माहीत होतीच. बाईंच्या मनात वेड्यासारखी कारणं येत होती. मुलांना कळायचं नाही. संगीताच्या बाईंची तालीम मोडेल. मुख्याध्यापकांना आधी विचारायला हवं. सत्काराचं आता काय, लोक घरी बोलतील, ताई काय म्हणेल. ताई काहीच म्हणणार नाही, नुसता पेपर खाली ठेवेल. एका वर्गाच्या खिडकीत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, सरळ बसलेल्या चष्म्यासकट, आणि तो एखाद्या विद्यार्थिनीचा वाटला, बोलावणं आलेल्या. हॉलच्या दाराशी ती बाजूला झाली आणि तिनं बाईंना वाट दिली.

चाळीसेक मुलं स्टेजवर तीन रांगांत उभी होती. बाईंना बघून ओळ तुटली आणि सगळ्यांनी मिळून हेल काढून 'नमस्ते बाई' म्हटलं. संगीताच्या बाईंनी पेटीवरचे हात उचलले आणि आशेनं भुवया वर केल्या: पटलं का त्यांना? पहिल्या रांगेत, कडेला, ती मुलगी होती. मान किंचित वर. तिनं दारातल्या आईकडे पाहिलं आणि चेहरा दगडासारखा करून घेतला. बाई स्टेजच्या पायऱ्या चढल्या. गुडघे खरंच दुखत होते. मध्यभागी आल्यावर त्यांना कळलं की वर्गात आयुष्यभर बोलताना त्यांच्या हातात नेहमी काहीतरी असायचं, खडू, नळी, पुस्तक; आत्ता काही नव्हतं.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "पुष्कळ वर्षांपूर्वी या स्टेजवर एक मुलगी घाबरली आणि गायली नाही, असं या शाळेच्या अहवालात लिहिलंय. ते मी लिहिलं. तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलंही असेल, गंमत म्हणून. ते खोटं आहे. ती घाबरली नव्हती. ती मुलगी त्या दारात उभी आहे."

चाळीस मानांनी दाराकडे वळून पाहिलं. तिथे उभी असलेली आई मागे सरकली नाही. फक्त तिनं पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. पहिल्या रांगेतली मुलगी एकदा आईकडे, एकदा बाईंकडे, आणि पुन्हा आईकडे बघत होती, आणि तिचा दगड केलेला चेहरा कुठून तरी सुटायला लागला होता.

"मग काय झालं होतं?" तिनं विचारलं. आईला विचारलं होतं. पण आईनं हनुवटीनं बाईंकडे दाखवलं.

"बर्फाची गाडी आली नाही, तिथून सांगते," त्या म्हणाल्या. "मधे कुणी मला थांबवू नका."